ज्योंग: तीन हजार वर्षं जुनं चिनी अक्षर चॅटमधला चेहरा कसं बनलं?

दोन वर्षांपूर्वी मी एका गेमिंग ॲपच्या टीममध्ये होते. युजर्सच्या कमेंट्स साफ करायचं काम माझ्याकडे होतं. म्हणजे तुटलेली अक्षरं, न दिसणारी चिन्हं, रिकामे चौकोन वगैरे उडवायचे आणि फक्त वाचता येईल असा मजकूर ठेवायचा. ॲपचे बरेच युजर्स सिंगापूर आणि मलेशियातले चिनी भाषिक होते. त्यांच्या कमेंट्समध्ये एक चौकोन पुन्हा पुन्हा यायचा.

एखादं अक्षर फॉन्टमध्ये नसलं की फोन त्या जागी रिकामा चौकोन दाखवतो. आम्ही त्याला ‘टोफू’ म्हणतो. मला वाटलं, हा तसलाच. मी चिनी अक्षरांची एक जुनी अधिकृत यादी शोधली, तिच्यात नसलेलं सगळं उडवलं आणि कोड पाठवून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी सिंगापूरच्या आमच्या टेस्टरचा मेसेज: “तू सगळ्यांचे चेहरे का पुसलेस?”

तो चौकोन टोफू नव्हता. ते ‘ज्योंग’ नावाचं खरंखुरं चिनी अक्षर होतं. त्याचा शोध घेताना मला चिनी इंटरनेटची अर्धी भाषा समजली, आणि माझ्याच कोडमधली आणखी एक चूकही सापडली. ती चूक मराठीची होती. तिच्याकडे शेवटी येते.

आधी कागदावर काढून बघा

एक चौकोन काढा. आत वरच्या अर्ध्या भागात दोन तिरप्या रेघा काढा, मध्ये थोडी जागा सोडून. डावी रेघ डावीकडे उतरती, उजवी रेघ उजवीकडे उतरती. आता खाली मधोमध एक छोटा चौकोन काढा, पण त्याला वेगळा तळ नको, मोठ्या चौकोनाचा तळ तोच त्याचाही तळ. झालं ज्योंग.

आता लांबून बघा. मोठा चौकोन म्हणजे चेहरा. तिरप्या रेघा म्हणजे पडलेल्या भुवया. छोटा चौकोन म्हणजे उघडं राहिलेलं तोंड. सरांनी नेमका तुम्हालाच प्रश्न विचारला आणि तुम्ही तो ऐकलाच नव्हता, तेव्हा होतो तसा चेहरा.

चॅटमध्ये त्याचा अर्थ साधारण तसाच आहे: फजिती झाली, काय बोलावं सुचेना, अवघडलो. पण हा अर्थ जेमतेम वीस वर्षांचा. अक्षर त्याच्या कितीतरी आधीचं आहे.

मुळात ती खिडकी होती

चिनी लिपीचे सगळ्यात जुने मोठे पुरावे हाडांवर मिळाले आहेत. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी, शांग राजवटीच्या काळात, राजासाठी शकुन बघणारे लोक कासवाच्या कवचावर आणि बैलाच्या खांद्याच्या हाडावर प्रश्न कोरायचे. पाऊस पडेल का, लढाई जिंकू का, असे. हाड तापवायचं, त्याला तडे जायचे आणि त्या तड्यांवरून उत्तर काढायचं. या हाडांवर ज्योंग आहे. तिथे ते चौकोनी नाही, गोल आहे, आणि आत काही वाकड्या रेघा आहेत.

त्या रेघा म्हणजे खिडकीची जाळी. इ. स. १०० च्या सुमारास शू शन नावाच्या विद्वानाने चिनी अक्षरांचा एक मोठा कोश तयार केला, ‘श्वोवन च्येत्स’. त्यात नऊ हजारांहून जास्त अक्षरांची फोड केली आहे. ज्योंगबद्दल त्याचं म्हणणं असं की हा जाळीदार खिडकीचा आकार आहे आणि अर्थ आहे उजेड.

याचा पुरावा दुसऱ्या एका अक्षरातही सापडतो. ‘मिंग’ म्हणजे तेजस्वी, स्वच्छ. मिंग राजवटीतलं मिंग ते हेच. आज हे अक्षर सूर्य आणि चंद्र शेजारी ठेवून लिहितात. पण त्याच्या एका जुन्या रूपात सूर्याच्या जागी ज्योंग आहे. खिडकी आणि शेजारी चंद्र, म्हणजे खिडकीतून आत आलेलं चांदणं.

पुढे शतकानुशतकं रोजच्या लिहिण्यात ज्योंग मागे पडलं. उजेडासाठी दुसरी अक्षरं होती. ज्योंग कोशात आणि जुन्या ग्रंथांत उरलं. आपल्याकडे ‘ऌ’ कसा मुळाक्षरांच्या तक्त्यात दिसतो, पण ‘कॢप्ती’सारखा एखादा शब्द सोडला तर त्याची गाठ पडत नाही, तसं.

खिडकीचा चेहरा कसा झाला?

२००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जपानी नेटकऱ्यांनी इंग्रजीतल्या तीन अक्षरांचा एक माणूस बनवला: ओ, आर आणि झेड. तिन्ही छोट्या लिपीत शेजारी लिहा आणि बाजूने बघितल्यासारखं बघा. ओ म्हणजे डोकं, आर म्हणजे जमिनीला टेकलेले हात आणि धड, झेड म्हणजे दुमडलेले पाय. हरलेला, गुडघ्यांवर कोसळलेला माणूस.

हा माणूस तैवानला पोहोचला. तिथे पीटीटी नावाचं बुलेटिन बोर्ड विद्यार्थ्यांमध्ये प्रचंड लोकप्रिय होतं. १९९५ साली नॅशनल तैवान युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्याने ते सुरू केलं होतं. काळा स्क्रीन, त्यावर फक्त अक्षरं. फोटो नाही, स्टिकर नाही. भावना दाखवायची तर अक्षरांतूनच.

तिथे कुणीतरी ‘ओ’ काढून त्या जागी ज्योंग बसवलं. कोसळलेल्या माणसाला आता तोंड आलं, पडक्या भुवयांसकट. थोड्या दिवसांत धड आणि पाय गळून पडले आणि नुसतं डोकं फिरू लागलं.

यात एक योगायोगही होता. चिनी भाषेत त्याच उच्चाराचा, अगदी त्याच स्वराचा आणखी एक ‘ज्योंग’ आहे. तो लिहितात वेगळा आणि त्याचा अर्थ आहे अडचणीत सापडणं, ओशाळणं. म्हणजे खिडकीच्या अक्षराला चेहरा मिळाला आकारावरून आणि अर्थ पक्का झाला उच्चारावरून. वाचणाऱ्याला काही समजावून सांगावं लागलं नाही.

२००८ पर्यंत हे अक्षर चीनच्या मुख्य भूमीवर सगळीकडे पसरलं होतं. पुढे ते सिनेमाच्या नावांतही आलं. दिग्दर्शक शू झंगचा ‘थाय ज्योंग’, म्हणजे थायलंडमधली फजिती, डिसेंबर २०१२ मध्ये आला आणि शंभर कोटी युआनची कमाई ओलांडणारा पहिला चिनी चित्रपट ठरला. त्याचाच ‘ज्योंग मा’ जानेवारी २०२० मध्ये यायचा होता, पण कोरोनामुळे थिएटरं बंद झाली. तेव्हा टिकटॉकची मालक असलेल्या बाइटडान्सने ६३ कोटी युआन मोजून तो आपल्या ॲप्सवर फुकट दाखवला. शतकानुशतकं अडगळीत पडलेलं अक्षर आता पोस्टरवर होतं.

यादीत जागा होती म्हणून

इथे माझ्यातली इंजिनिअर जागी झाली. जपानी माणसाच्या जागी तैवानी चेहरा आला हे ठीक. पण जे अक्षर कुणी वापरतच नव्हतं, ते टाइप कसं झालं?

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. युनिकोडमध्ये आपल्या ‘क’चा आकडा २३२५ आहे. कीबोर्डवर क दाबला की २३२५ साठवला जातो आणि फॉन्ट त्या आकड्यासमोरचं चित्र काढतो. ज्या अक्षराला आकडा नाही, ते कॉम्प्युटरसाठी नाहीच. तुम्ही ते कागदावर लिहू शकता, पण पाठवू शकत नाही, शोधू शकत नाही.

युनिकोडच्या आधी प्रत्येक देशाच्या आपापल्या याद्या होत्या. चीनने १९८० मध्ये जी यादी केली, तिचं नाव ‘जीबी २३१२’ आणि तिच्यात ६७६३ चिनी अक्षरं होती. वर्तमानपत्रं, शाळेची पुस्तकं, सरकारी कागद यांना पुरतील एवढी. ज्योंग तिच्यात नव्हतं. तैवानच्या १९८४ च्या यादीचं नाव ‘बिग फाइव्ह’. तिच्यात तेरा हजारांहून जास्त अक्षरं. पहिल्या भागात नेहमीची ५४०१ आणि दुसऱ्या भागात क्वचित लागणारी. ज्योंग या दुसऱ्या भागात होतं.

पीटीटी बिग फाइव्हवर चालायचं. त्यामुळे तैवानमधल्या पोरांना ज्योंग टाइप करता आलं. चीनच्या १९८० च्या यादीवर चालणाऱ्या कॉम्प्युटरवर हा विनोद जन्मलाच नसता. नव्वदच्या दशकात युनिकोडने सगळ्या याद्या एकत्र केल्या, ज्योंगला २२२४७ हा आकडा मिळाला, चीनमधल्या पुढच्या याद्यांतही ते आलं. मग त्याला कुठेही जाता येऊ लागलं.

आणि मी कमेंट्स साफ करायला कुठली यादी वापरली होती? तीच, १९८० ची. मला वाटलं होतं, अधिकृत यादी म्हणजे सगळी अक्षरं.

ज्याला जागा नव्हती: ड्वांग

उलटं उदाहरणही आहे. जॅकी चॅनने २००४ मध्ये एका शाम्पूची जाहिरात केली होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये बिलीबिली या व्हिडिओ साइटवर कुणीतरी त्या जाहिरातीचं गाणं करून तिची खिल्ली उडवली. त्यात तो केस उसळल्याचा आवाज काढतो: “ड्वांग!” हा शब्द काही दिवसांत सगळ्यांच्या तोंडी झाला.

गंमत म्हणजे प्रमाण चिनीमध्ये ‘ड्वांग’ असा उच्चारच नाही. मग त्याचं अक्षर कुठून आणणार? नेटकऱ्यांनी बनवलं. जॅकी चॅनचं चिनी नाव ‘छंग लोंग’. यातलं छंग वर आणि लोंग खाली, असं रचून एक नवं अक्षर तयार झालं. कल्पना झकास होती, पण आकडा नव्हता. ते अक्षर फक्त चित्र म्हणून फिरलं आणि टाइप करताना लोक इंग्रजी अक्षरांतच ‘ड्वांग’ लिहीत राहिले.

आकडा मिळायला किती वेळ लागू शकतो, हे ‘ब्यांग’वरून कळतं. शान्शी प्रांतातल्या रुंद नूडल्सच्या नावाचं हे अक्षर पन्नासहून जास्त रेघांचं आहे. हॉटेलांच्या पाट्यांवर ते वर्षानुवर्षं रंगवलं जायचं, पण युनिकोडमध्ये आलं मार्च २०२० मध्ये.

कामापुरती यादी

ज्योंग आकारावरून जन्मलं. पण चिनी नेटची बरीचशी भाषा आवाजावरून तयार होते. चिनीमध्ये एकाच उच्चाराची डझनावारी अक्षरं असतात. बहुतेक लोक इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप करतात, खाली पर्यायांची रांग येते, त्यातून हवं ते निवडतात. घाईत भलतंच निवडलं जातं, आणि कधी कधी ती चूकच आवडून जाते.

- ५२०: ‘वू अर लिंग’. घाईत म्हटलं तर ‘वो आय नी’च्या जवळ जातं, म्हणजे माझं तुझ्यावर प्रेम आहे. म्हणून २० मे हा तिथे प्रेमाचा दिवस झाला आहे.
- ८८: ‘बा बा’, म्हणजे बाय बाय.
- ६६६: सहाचा उच्चार ‘ल्यो’. तसाच आवाज असलेल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ सफाईदार. गेममध्ये कुणी भारी खेळलं की हे लिहितात.
- २३३: हसू. मॉप नावाच्या जुन्या साइटवर जमिनीवर हात आपटून हसणाऱ्या इमोजीचा नंबर २३३ होता. शेवटचे तीन जितके वाढवाल तितकं हसू मोठं.
- ३ आणि क्यू: ‘सान क्यू’, म्हणजे थँक यू.
- बेइजू: लिहितात ‘पेले’, म्हणायचं असतं ‘शोकांतिका’. दोन्हींचा उच्चार सारखाच.
- यालि: लिहितात ‘नाशपती’, म्हणायचं असतं ‘टेन्शन’. परीक्षेच्या दिवसांत या नाशपतीला फार मागणी असते.
- मेइ: ‘मठ्ठ’ या अर्थाचं अक्षर दोनदा शेजारी लिहिल्यासारखं दिसतं, म्हणून नेटवर अर्थ ‘डबल मठ्ठ’. मुळात हे हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या मेइच्या झाडाचं जुनं अक्षर. ज्योंगसारखंच कोशातून उचललेलं.

पुढचे दोन शब्द मात्र फक्त गमतीचे नाहीत.

- हश्ये: नदीतला खेकडा. चीनच्या सरकारने २००४ पासून ‘सुसंवादी समाजा’ची घोषणा दिली. चिनीमध्ये सुसंवाद म्हणजेही ‘हश्ये’, स्वर फक्त थोडा वेगळा. पोस्ट डिलीट झाली की लोक म्हणू लागले, माझी पोस्ट ‘सुसंवादी’ झाली. मग थेट खेकडाच लिहू लागले.
- मी थू: तांदूळ आणि ससा. २०१८ मध्ये चीनमधल्या मुली लैंगिक छळाबद्दल लिहू लागल्या, तेव्हा ‘मी टू’च्या पोस्ट गायब होत होत्या. म्हणून तांदूळ आणि सशाचे इमोजी. फिल्टरला दिसायची भाताची वाटी आणि ससा, वाचणारीला कळायचं.

हे वाचून मी जरा गप्प झाले. शेवटी मीही फिल्टरच लिहीत होते. माझा हेतू वाईट नव्हता, पण लिहिणाऱ्याचं म्हणणं पुसलं जातं, तेव्हा त्याला माझा हेतू दिसत नाही.

याने भाषा बिघडते का?

हा प्रश्न तिकडेही विचारला जातो. २००६ मध्ये तैवानच्या विद्यापीठ प्रवेश परीक्षेत चिनी भाषेच्या पेपरात एक प्रश्न आला. वाक्यांतले अयोग्य शब्दप्रयोग शोधून दुरुस्त करायचे होते, आणि त्यात ‘सान क्यू’ आणि तो गुडघ्यांवर कोसळलेला माणूसही होता. मोठा वाद झाला. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांनी काय करायचं, आणि परीक्षेत असली भाषा आणायचीच कशाला, असं लोक विचारू लागले.

चीनमध्ये ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबरस्पेस प्रशासन आणि शिक्षण मंत्रालयाने मिळून नेटवरच्या ‘अनियमित’ भाषेविरुद्ध मोहीम काढली. मुद्दाम चुकीची अक्षरं, सारख्या उच्चाराचे खेळ, असं सगळं त्यात येतं. मुलांची भाषा बिघडते हे कारण दिलं गेलं. पण वर खेकड्याची गोष्ट वाचली असेल, तर या मोहिमेत आणखी काय काय पुसलं जाऊ शकतं, हे तुमच्या लक्षात येईल.

माझं मत विचाराल तर, ज्योंगने चिनी भाषेचं नुकसान केलं नाही. जे अक्षर अभ्यासकांपुरतं उरलं होतं, ते आज शाळकरी पोरांना ओळखता येतं. त्यातल्या काहींनी तरी ‘हे मुळात काय होतं?’ म्हणून शोधलं असेलच. मीही तशीच त्या खिडकीपर्यंत पोहोचले.

माझ्या कोडमधली दुसरी चूक

टेस्टरचा मेसेज आल्यावर मी फिल्टर पुन्हा तपासायला घेतला. चाचणीसाठी काही मराठी मजकूर टाकला. ‘बोऱ्हाडे’ टाकलं, बाहेर आलं ‘बोर्हाडे’.

कारण असं. मराठीतला हा ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ मधला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. एक, ‘ऱ’ हे नुक्त्याचं अक्षर वापरून, ज्याचा आकडा २३५३. दुसरी जुनी पद्धत म्हणजे साधा र, हलन्त आणि पुढे ८२०५ आकड्याचं एक न दिसणारं जोडचिन्ह. कुठला कीबोर्ड कुठली पद्धत वापरेल, सांगता येत नाही. माझा फिल्टर न दिसणारी चिन्हं कचरा समजून काढत होता. ते जोडचिन्ह गेलं की र वर उडी मारून रफार होतो.

फरक फक्त दिसण्याचा नाही. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, दर्या म्हणजे समुद्र. आचाऱ्यांना जेवणाची ऑर्डर द्यायची आणि आचार्यांना नमस्कार करायचा. आणि आडनाव तर माणसाचं असतं. आधार, बँक, परीक्षेचा फॉर्म, तिन्हीकडे वेगळं दिसलं तर हेलपाटे त्यालाच घालावे लागतात. (तुमच्या फोनवरचा आई-बाबा-मुलगी असा फॅमिली इमोजीही त्याच ८२०५ ने जोडलेला असतो. ते काढलं की कुटुंब सुटं होतं.)

आपल्या अक्षरांनाही रांगेत थांबावं लागलं आहे. ‘ॲप’मधला ‘ॲ’ युनिकोडमध्ये आला एप्रिल २००८ मध्ये. मोडी लिपी आली जून २०१४ मध्ये. त्याआधी मोडीत मेसेज पाठवणं शक्यच नव्हतं, फक्त फोटो पाठवता यायचा, ड्वांगसारखा.

तर तुमच्यापैकी कुणी कोड लिहीत असाल, तर मजकूर साफ करताना एवढं पाळा: ओळखीचं नाही म्हणून काढू नका. आधी त्या अक्षराचा आकडा बघा, मग ते काय आहे ते शोधा. आणि चाचणीत एक बोऱ्हाडे, एक फॅमिली इमोजी आणि एक ज्योंग नक्की टाका.

कोड लिहीत नसाल, तर एखाद्या फॉर्मने तुमचं नाव मोडलं की ‘चालतंय’ म्हणून सोडू नका. तक्रार करा, स्क्रीनशॉट जोडा. माझी चूक मला एका मेसेजमुळे कळली. फिल्टर मी त्याच संध्याकाळी बदलला. टेस्टरने उत्तरात एकच अक्षर पाठवलं, चौकोनी, पडक्या भुवयांचं. या वेळी ते पुसलं गेलं नाही.